पहिल्या श्लोकातली गावे

दिवाळीचा फराळ संपत आलेला असतो, डब्यांच्या तळाशी शेवेचा चुरा तेवढा उरलेला असतो, आणि कार्तिकातल्या एखाद्या संध्याकाळी आळीतल्या कुठल्या तरी अंगणातून खड्या सुरातली मंगलाष्टके ऐकू येऊ लागतात. तुळशीचे लग्न असते. नवरी कुंडीत उभी, नवरदेव ताम्हनात बसलेला, मांडव उसाचा आणि वऱ्हाड म्हणजे आळीतली पाच-पंचवीस पोरे. त्यांचे सारे लक्ष चिंचा-आवळ्यांकडे आणि उसाच्या कांड्यांकडे. पण शब्दांत मात्र काटकसर नाही. माणसांच्या लग्नात जे म्हणायचे तेच सारे इथेही म्हणतात. सुरुवात गणपतीपासून आणि प्रत्येक श्लोकाच्या शेवटी 'सावधान'. तुळशीने एकदा हे शब्द ऐकले की मग माणसांनी ऐकायला हरकत नाही. लग्नसराई सुरू होते.

मी मराठीचा प्राध्यापक. या सराईत माझ्यासारख्याची काय अवस्था होते ते वाचकांपैकी जे या धंद्यात आहेत त्यांना सांगायला नको. वर्गात कोणी कविता ऐकत नाही. पण मार्गशीर्ष लागला की ओळखीपाळखीचे सारे बाप दारात उभे. "सर, चार मंगलाष्टके पाडून द्या. मुलीचे नाव पहिल्या ओळीत, मुलाचे दुसऱ्या, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा कुठे तरी बसवा." वृत्त शार्दूलविक्रीडितच हवे, म, स, ज, स, त, त हे सहा गण आणि शेवटी एक गुरू. ओळीला एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर थांबा. त्या एकोणीस घरांत 'श्रीनिवासराव' हे नाव बसवून पाहावे, म्हणजे काव्याची व्यथा काय असते ते कळते!

इतकी वर्षे ही कामे केली, पण मंगलाष्टकांतल्या पहिल्या श्लोकाकडे नीट पाहण्याचा योग कधी आला नव्हता. बहुतेक घरांत लग्नाची सुरुवात अष्टविनायकांच्या श्लोकाने होते. तो आपल्याला इतका पाठ असतो की त्याचा अर्थ कानांत शिरतच नाही. अर्थ पाहू गेले तर मोठी मौज आहे. तो श्लोक म्हणजे सरळ सरळ गावांची यादी आहे! मोरगावचा मोरेश्वर, सिद्धटेकचा सिद्धिविनायक, पालीचा बल्लाळ, महडचा विनायक, थेऊरचा चिंतामणी, लेण्याद्रीचा गिरिजात्मज, ओझरचा विघ्नेश्वर आणि रांजणगावचा गणपती. पालीचे नाव त्यात मुरुड असे येते, महडचे मढ आणि थेऊरचे थेवर. भरजरी संस्कृत विभक्तींच्या पंगतीत आपली ही मराठी गावे मुंडासे बांधून बसली आहेत. वधूवरांच्या डोक्यावर पहिली अक्षता पडते ती या गावांच्या नावाने. लग्नाचे पहिले शब्द म्हणजे एक प्रवासवर्णन आहे, हे ध्यानात आले आणि मला त्या श्लोकाबद्दल एकदम जवळीक वाटू लागली.

यंदाच्या श्रावणात त्या यादीतल्या दोन गावांना जाण्याचा योग आला. निमित्त पुतणीच्या लग्नाचे.

मुक्ता ही माझ्या थोरल्या भावाची धाकटी मुलगी. लग्न येत्या मार्गशीर्षात. आमच्या घरचा रिवाज असा, की पहिली पत्रिका छापायची नाही. ती दादांनी स्वहस्ते लिहायची, कोपऱ्यांना कुंकू लावायचे आणि गणपतीपुढे नेऊन ठेवायची. दादा पुण्याचे, तेव्हा ओझर आणि लेण्याद्री ही दोन ठाणी आमच्या वाट्याची. त्याप्रमाणे श्रावणातल्या एका सोमवारी दादा, मुक्ता आणि मी असे तिघे दादांच्या जुन्या मोटारीतून नाशिकच्या रस्त्याला लागलो. वहिनी आल्या नाहीत. "बापलेकींचे काय ते मिटू दे, मग मी येते," असे त्या म्हणाल्या होत्या.

मिटवायचे होते ते असे. मंगलाष्टके लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले होते. दादांनी सांगितले, पहिला श्लोक गणपतीचा, शेवटी ताराबल, मधले तू लिही. आमचे दादा मंगलाष्टके म्हणण्यात नामांकित आहेत. आवाज पहाडी, दम मोठा. गेल्या चाळीस वर्षांत आमच्या कुळातले एकही लग्न त्यांच्या आवाजावाचून लागलेले नाही. पण मुक्ता एके दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघे उभे असतो. सगळा मांडव बोलत असतो. गुरुजी, बाबा, आत्या, मामा, अगदी करवल्यासुद्धा. गप्प तेवढे आम्ही दोघेच. लग्न आमचे, आणि पहिला शब्द आमचा नाही. हे तुम्हाला बरे दिसते का?"

मी म्हटले, "तू काय म्हणतेस?"

"मला बोलायचे आहे. त्यालाही बोलायचे आहे. आधी आम्ही बोलू, मग तुम्ही अक्षता टाका."

दादांच्या कानावर हे गेले तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते नुसते म्हणाले, "मग माझे काय काम?" आणि दोन महिने त्यांनी या विषयावर तोंड उघडले नाही. दादांची पासष्टी उलटली आहे. हे त्यांच्या घरातले शेवटचे लग्न. त्यांच्या त्या प्रश्नात राग नव्हता आणि त्यामुळेच त्याचे उत्तर कोणाला सुचत नव्हते.

चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे पडले. नारायणगावला चहा घेतला. हे गाव तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. श्रावणात मात्र सगळे शांत होते. टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो तेवढे धावत होते. पुढे ओझरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस दाटला. एका वळणावर वनखात्याची पाटी होती. वर बिबट्याचे चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'सावधान'.

मुक्ता खळखळून हसली. "बाबा, बघा! लग्नातलाच शब्द!"

दादांनी हसू दाबले, पण ते मला आरशात दिसले.

त्या शब्दाचे नशीबच विचित्र आहे. 'सावधान' म्हणजे अवधानासह, लक्ष देऊन. पूर्वी मुहूर्ताची वेळ घटिकापात्राने मोजीत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. वाटी बुडेपर्यंतचा वेळ भरून काढायला श्लोक, आणि क्षण जवळ येतो आहे, लक्ष असू द्या, हे सांगायला 'सावधान'. वेळ उरला तर श्लोक वाढवावेत, वेळ भरला तर थांबावे. मंगलाष्टके नावाप्रमाणे आठ असावीत, पण ती कधी पाच होतात तर कधी पंधरा, याचे मूळ या वाटीत आहे. पुढे घड्याळे आली, वाटी गेली आणि शब्द तेवढा राहिला. कवायतीच्या मैदानावर तो ताठ उभे राहायला सांगतो, घाटात वळण आहे म्हणून सांगतो, उसात बिबट्या आहे म्हणून सांगतो. समर्थ रामदासांच्या कथेत तर जांबेच्या बारा वर्षांच्या नारायणाने तो बोहल्यावर ऐकला आणि तो मांडवातून जो निघाला तो थेट नाशिकला पोहोचला. शब्दाचा खरा अर्थ लग्नघरात त्या एकानेच ऐकला, असे आपण कौतुकाने सांगतो. अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगीही उभी होती. तिनेही तोच शब्द ऐकला असेल. तिने काय करावे हे मात्र त्या कथेत कोणी सांगत नाही.

ओझरचे देऊळ कुकडीच्या काठी. चहूबाजूंनी भक्कम तट, दोन उंच दीपमाळा आणि वर सोनेरी कळस. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी हा कळस चढवला असे सांगतात. सोमवार असल्याने गणपतीकडे गर्दी बेताची होती. दादांनी पत्रिका गणपतीच्या पायांशी ठेवली, डोळे मिटले आणि तोच श्लोक म्हटला. हळू आवाजात म्हटला, तरी गाभाऱ्यात तो घुमला. ओझरचे नाव आले तिथे त्यांचा आवाज किंचित चढला. ज्या गावाचे नाव श्लोकात आहे त्याच गावात उभे राहून तो श्लोक म्हणताना माणसाला काय वाटत असेल ते मला त्या क्षणी समजले. मुक्ताने वडिलांकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत अभिमान होता आणि हट्टही तसाच होता.

तिथून जुन्नर. शिवनेरी ढगात बुडालेला होता, नुसता पायथा दिसत होता. गावातून पुढे गेले की कुकडी ओलांडून लेण्याद्री येते. तीनशेच्या आसपास पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर वानर. मुक्ताने आमच्या हातातले नारळ घेऊन पदराखाली लपवले आणि ती पुढे निघाली. दादा दर पन्नास पायऱ्यांवर थांबत.

लेण्याद्री ही मुळात बौद्ध भिक्षूंची लेणी. डोंगराच्या कुशीत तीसेक लेणी ओळीने खोदलेली आहेत. आपला गिरिजात्मज बसला आहे तो त्यांच्या एका विहारात. प्रशस्त मंडप, त्यात एकही खांब नाही, आणि भोवती भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या. मूर्ती वेगळी घडवलेली नाही, भिंतीच्या दगडातलीच आहे. शेजारी चैत्यगृह आहे. त्यावरच्या ब्राह्मी लेखात कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे लेणे दान दिल्याचे लिहिले आहे. म्हणजे आपल्या लग्नाच्या पहिल्या श्लोकातले हे गाव त्या श्लोकाच्या कितीतरी आधीचे, आणि तिथले पहिले शब्द निराळेच होते. आज महाराष्ट्रातल्या लाखो बौद्ध घरांत लग्नाची सुरुवात त्रिशरण आणि पंचशीलाने होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा दिली तेव्हापासूनची ही रीत. त्यांच्याकडेही जयमंगल अष्टगाथा म्हणतात. तिथेही पुन्हा आठच. आठाचे आणि मंगलाचे काही तरी नाते आहे खरे!

याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत लेख आहे. तोही मंगलाने सुरू होतो. धर्माला नमस्कार, इंद्राला नमस्कार, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्याला, चार लोकपालांना नमस्कार. इतक्या देवांच्या त्या यादीत गणपती नाही. हे मी पायऱ्यांवर दम खाताना दादांना सांगितले.

"म्हणजे तुझे म्हणणे काय?" दादा म्हणाले.

"काही नाही. पहिले शब्द बदलत आले आहेत, एवढेच."

"बदलले असतील," दादा म्हणाले. "पण ज्याने बदलले त्याला दुसरे काही तरी पाठ असले पाहिजे. तुम्हाला काय पाठ आहे?"

हा प्रश्न मला बिनतोड वाटला. कोणत्याही धर्मात पाहा, लग्नाचे शब्द पाठ असलेले, पुन्हा पुन्हा घासून गुळगुळीत झालेले असतात. निकाहाचा खुतबा ईश्वराच्या स्तुतीने सुरू होतो. पण त्यापूर्वी वधूची संमती साक्षीदारांसमक्ष विचारून घेतात. वसईच्या चर्चमध्ये शतकानुशतके हे शब्द लॅटिन होते. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते मराठी झाले. आपल्याकडे कन्यादानात वधूचा बाप बोलतो, सप्तपदीत वर बोलतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा तर सांगतो की दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीप्रमाणे लग्न लावा. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण झाले. त्यात मंगलाष्टकांचा उल्लेख नाही. तरी मांडवातल्या कोणालाही विचारा, लग्न केव्हा लागले? तो सांगेल, शेवटचे 'सावधान' झाले, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, तेव्हा! कायद्याचे लग्न पायांनी लागते. लोकांच्या मनातले लग्न कानांनी लागते.

दुपार कलली होती. दादांना परत फिरायचे होते, पण मी म्हटले, इतके आलो आहोत तर ओतूर पाहून जाऊ. श्रावणी सोमवार आहे, कपर्दिकेश्वराची यात्रा असेल. दादा शंकराचे भक्त. ते तयार झाले. माझ्या मनात दुसरेही एक कारण होते.

ओतूर हे जुन्नरच्या उत्तरेला, माळशेज घाटातून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. कांद्याची पेठ. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही याच गावात. श्रावणी सोमवारी इथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. पाणी नाही, पीठ नाही. नुसता दाण्यावर दाणा ठेवून उभी केलेली पिंड. दर्शनाच्या रांगेत तासभर गेला. त्या पिंडी पाहून मुक्ता म्हणाली, "अक्षताच आहेत या सगळ्या!" दादा काही बोलले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली.

दर्शन झाल्यावर नदीकाठच्या कट्ट्यावर बसलो. मांडवी दुथडी भरून वाहत होती. तिथे मी दादांना ओतूरची ती दुसरी कथा सांगितली.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह लावला. ही रीत खेड्यांत पसरू लागली. ओतूरला भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे यांच्यासारखी समाजाची माणसे होती. १८८४ साली इथल्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरची लग्ने ग्रामजोशांना न बोलावता लावली. जोशांनी दावा ठोकला की लग्न कोणीही लावो, आमच्या वतनाची दक्षिणा आम्हाला मिळालीच पाहिजे. वर्षानुवर्षे भांडण चालले, वरच्या कोर्टांत गेले, थेट मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. आणि अखेर, ज्याला बोलावलेच नाही त्याची दक्षिणा यजमानावर लादता येत नाही असे ठरले. मांडवात कोणाचे शब्द म्हणायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी या नदीकाठचे शेतकरी उच्च न्यायालयापर्यंत गेले.

दादा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आपले पणजोबा कोण होते, ठाऊक आहे ना? असेच एका गावचे जोशी. वर्षाला चार पायल्या धान्य आणि लग्नामुंजीची दक्षिणा. त्यांच्या गावच्या पाटलाने असे केले असते तर आपली आजी उपाशी राहिली असती."

हेही खरे होते. मी वाद घातला नाही. वतन कोणाचेही असो, जाताना कोणाच्या तरी चुलीवर पाणी पडतेच. आणि ते राहिले तर दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडावर कुलूप राहते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे वर्गात शिकवणे सोपे, घरात मान्य करणे अवघड.

आमचे बोलणे शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ ऐकत होते. पांढरे धोतर, डोक्याला टोपी, हातात यात्रेतून घेतलेली रेवड्यांची पुडी. ती पुडी मुक्तापुढे करून ते म्हणाले, "घ्या ताई. माझ्या आजीचं लगीन तसंच लागलं होतं बघा. सत्यशोधकी. आजी सांगायची, मांडवात ती चार शब्द बोलली तर गावात महिनाभर त्याचीच चर्चा. पोरगी बोलली, पोरगी बोलली! काय बोलली ते कुणाच्याच ध्यानात नाही."

"आणि आजोबांच्या?" मुक्ताने विचारले.

म्हातारा हसला. "त्यांच्या होतं की! म्हातारपणी भांडण झालं की आजी म्हणायची, मांडवात काय कबूल केलं होतं? आजोबा गुमान उठून पाणी भरायचे."

आम्ही सारेच हसलो. दादाही हसले. मग मी पिशवीतून कागद काढला. सत्यशोधक समाजाची मंगलाष्टकांसह पूजाविधी ही जोतीरावांची पुस्तिका १८८७ सालची; तिच्यातले श्लोक मी उतरवून आणले होते. त्यात वर आणि वधू एकमेकांशी बोलतात. वधू म्हणते, आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही. आमचे हक्क आम्हाला देईन अशी शपथ घे. वर सगळ्यांसमक्ष उत्तर देतो, त्या हक्कांसाठी मी झटेन. १८८७ साली! मुलींना शाळेत घालायला घरोघर विरोध होता, त्या काळी बोहल्यावरच्या मुलीच्या तोंडी हा प्रश्न दिला होता.

कागद मी दादांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. सुरुवातीला मनात वाचले. मग त्यांचे ओठ हलू लागले. मग एका ओळीवर ते थांबले, पुन्हा मागे गेले, आणि हळूच, आपण म्हणतो आहोत हे बहुधा ठाऊक नसताना, त्यांनी ती ओळ आपल्या नेहमीच्या चालीत लावली. बाराव्या अक्षरावर आवाज टेकला, पुढची सात अक्षरे उतरली. सकाळी ओझरच्या गाभाऱ्यात घुमलेली तीच चाल!

दादांनी माझ्याकडे पाहिले. "अरे, हे शार्दूलविक्रीडित आहे."

"होय."

"म्हणजे चाल आपलीच आहे की!"

चाल आपलीच होती. जोतीरावांनी देव बदलला, अर्थ बदलला, बोलणारे तोंड बदलले. पण मांडवातल्या माणसांच्या कानांना जे वळण होते ते त्यांनी मोडले नाही. साऱ्या मराठी मुलुखाने ज्या सुरात लग्ने लागताना ऐकली होती त्याच सुरात त्यांनी नवा प्रश्न विचारला. मी इतकी वर्षे हे वृत्त शिकवतो आहे; त्याची ही ताकद मला फळ्यापुढे कधी अशी दिसली नव्हती. परंपरा मोडणाऱ्याला दुसरे काही तरी पाठ असले पाहिजे, हे दादांचे म्हणणे बरोबर होते. आणि फुल्यांना ते पाठ होते.

दादांनी मग वधूचा श्लोक पुरा म्हटला. यात्रेतली दोन-चार माणसे जवळ येऊन उभी राहिली. श्लोक संपला तेव्हा क्षणभर कोणीच बोलले नाही. दादांनी कागदाची घडी केली, चष्मा पुसला आणि मुक्ताला म्हणाले, "गणपती पहिला. ते सोडणार नाही. ज्या आठ गावांची नावे घेऊन माझे लग्न लागले ती तुझ्या लग्नात घ्यायचीच."

"घ्या ना, बाबा. मी कुठे नको म्हणते? तुमच्या आवाजातच हवीत."

"त्यानंतर मी थांबतो. अंतरपाट धरलेलाच राहू दे. तुम्ही दोघे बोला. तुमचे बोलणे झाले की पुढचे 'सावधान' मी म्हणतो." जरा थांबून ते म्हणाले, "पण बोलायचे ते वृत्तात. उगाच भाषण नको."

मुक्ताने वडिलांचा हात धरला. मी लगबगीने खिशातले पेन काढले. वधूचा एक श्लोक आणि वराचा एक, असे दोनच लिहायचे होते, आणि पहिली ओळ मला तिथल्या तिथे सुचतही होती.

"काका, पेन ठेवा," मुक्ता म्हणाली. "माझा मी लिहिणार. तुम्ही फक्त अक्षरे मोजून द्या."

मी पेन खिशात ठेवले. उजेड कमी होत चालला होता, देवळात आरतीची घंटा सुरू झाली होती. मुक्ता बोटांवर एकोणीस मोजत होती आणि दादा तिला बाराव्या अक्षरावर कुठे थांबायचे ते हाताने दाखवत होते.